'ने' आपल्याच घरचा : मराठी माणूस आणि हिंदी व्याकरणाचा इतिहास



सायखेड्यात हिंदीच्या व्याकरणावर व्याख्यान, हे ऐकून काहींना नवल वाटलं असेल. गाव गोदावरीच्या काठचं, पलीकडे चांदोरी, आजूबाजूला कांदा, ऊस, द्राक्षं. घरात मराठी, शेतात मराठी, ग्रामपंचायतीत मराठी. पण बाजारात जरा कान देऊन उभं राहिलं की हिंदी ऐकू येते. कांदा भरायला आलेला ट्रक ड्रायव्हर, परप्रांतातून आलेला व्यापारी, द्राक्षांच्या हंगामात पेट्या भरणारी मुलं, सगळ्यांशी आपला माणूस हिंदीत बोलतो. सौदा होतो, हिशेब होतो, चहा होतो. कोणाचं अडत नाही.

आणि याच माणसाला विचारा, "हिंदी येते का?" तर तो म्हणतो, "बोलता येते हो, पण व्याकरण कच्चं आहे."

आमचा मूळ विषय तत्त्वज्ञान. त्यामुळे असं वाक्य ऐकलं की आम्ही तिथेच थांबतो. भाषा येते, पण तिचं व्याकरण येत नाही, याचा अर्थ काय? नियम पाळता येणं आणि नियम सांगता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पतंजलींनी महाभाष्यात एक छान दाखला दिला आहे. मडकं हवं असेल तर माणूस कुंभाराकडे जातो, पण शब्द हवेत म्हणून कोणी व्याकरणकाराच्या दारी जात नाही. शब्द लोकांत आधीच असतात. व्याकरणकार मागाहून येतो आणि ते कसे चालतात हे सांगतो.

आज आपण तेच पाहणार आहोत. मराठी माणसाकडे हिंदी कशी आली, तिचं व्याकरण कोणी आणि कुणाकडे बघून लिहिलं, आणि त्या व्याकरणाचा जो भाग आपल्या मुलांना सर्वांत अवघड म्हणून शिकवला जातो, तो मुळात किती आपल्या घरचा आहे.

व्याकरणाआधीची हिंदी

मराठी माणूस हिंदी शिकला तो शाळेत नव्हे. शाळा फार उशिरा आल्या. तो शिकला यात्रेत, बाजारात आणि फौजेत.

नामदेवांचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. ते उत्तरेत गेले, पंजाबात घुमानला राहिले. 1604 साली शिखांच्या आदिग्रंथाचं संकलन झालं, त्यात नामदेवांची 61 पदं आहेत. एकनाथांच्या भारुडांत हिंदी आहे, त्यांचा हिंदू-तुर्क संवाद तर प्रसिद्धच. तुकोबांच्या गाथेत हिंदी रचना आहेत. समर्थ रामदासांनी आपल्या नाशिकजवळच्या टाकळीला तपश्चर्या केली, त्यांचीही हिंदी पदं आहेत. विनयमोहन शर्मा यांनी 1957 साली 'हिंदी को मराठी संतों की देन' असा ग्रंथच लिहिला.

यातल्या कोणी हिंदीचं व्याकरण पाठ केलं नव्हतं, कारण पाठ करायला असं पुस्तकच नव्हतं. बरं, या संतांची हिंदी आजच्या पाठ्यपुस्तकातली हिंदीही नव्हे. तिच्यात ब्रज आहे, दख्खनी आहे, पंजाबीचे रंग आहेत आणि मराठीची प्रत्ययांची सवयही आहे. आज एखाद्या परीक्षकाने ती तपासली तर लाल शाई पुरणार नाही. पण ऐकणाऱ्यांना ती कळली, आणि जपून ठेवावीशी वाटली.

पहिली व्याकरणं कोणी लिहिली?

व्याकरणाची गरज कोणाला लागते? ज्याला भाषा घरातून मिळालेली नाही त्याला. म्हणून हिंदुस्तानीची पहिली व्याकरणं परक्यांनी लिहिली. जोहान केटेलार हा डच ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस. त्याने डच भाषेत हिंदुस्तानीचं व्याकरण लिहिलं. त्याची एक हस्तलिखित प्रत 1698 सालची, लखनौत केलेली आहे. कंपनीच्या माणसांना व्यापार करायचा होता. म्हणजे आपल्या बाजारातल्या माणसाचीच गरज, फक्त बाजू उलटी.

पुढे बेंजामिन शुल्झे या मद्रासकडच्या जर्मन मिशनऱ्याचं लॅटिनमधलं व्याकरण 1745 साली जर्मनीत हाले इथे छापलं गेलं. ग्रियर्सन यांनी 'लिंग्विस्टिक सर्व्हे'मध्ये त्याची नोंद घेताना एक नेमकी गोष्ट टिपली आहे: सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात कर्त्याला 'ने' लागतो, याचा शुल्झेला पत्ताच नव्हता. हे लक्षात ठेवा, आपल्याला याच्याकडे परत यायचं आहे.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. 1778 साली रोममध्ये पोर्तुगीज भाषेत दोन लहान व्याकरणं छापली गेली. एक हिंदुस्तानीचं आणि दुसरं मराठीचं. मोगल मुलखात जाणाऱ्या पाद्र्यांसाठी एक, आणि निजामशाही-आदिलशाहीच्या मुलखात, म्हणजे आपल्याकडे येणाऱ्या पाद्र्यांसाठी दुसरं. दोन्ही भाषा युरोपच्या छापखान्यात अशा जोडीने आल्या. नंतर कलकत्त्याला 1800 साली फोर्ट विल्यम कॉलेज निघालं. तिथे गिलख्रिस्ट हिंदुस्तानी शिकवत होते, आणि विल्यम केरी यांच्याकडे बंगाली-संस्कृतबरोबर मराठीही आली. केरींचं मराठी व्याकरण 1805 साली श्रीरामपूरला छापलं गेलं.

मग आपली माणसं लिहू लागली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' 1836 सालचं. आपल्या भाषेला नियम आहेत आणि ते आपल्याच भाषेत सांगता येतात, हा आत्मविश्वास मराठीला फार लवकर मिळाला. त्याचा फायदा पुढे हिंदीलाही झाला. तो कसा, हे सांगण्याआधी आपण 'ने' समजून घेऊ, म्हणजे पुढची गोष्ट नीट कळेल.

'ने'ची गोष्ट

हिंदी शिकणाऱ्या कोणालाही विचारा, सर्वांत अवघड काय? उत्तर ठरलेलं: 'ने' आणि लिंग. "मैं आम खाया" चूक, "मैंने आम खाया" बरोबर. "मैंने रोटी खाया" चूक, "मैंने रोटी खाई" बरोबर. इंग्रजीतून हिंदीकडे येणाऱ्याला हे जादूसारखं वाटतं. खाणारा मी, मग क्रियापद पोळीप्रमाणे का बदलावं?

आता ही तीन वाक्यं पाहा. रामाने आंबा खाल्ला. रामाने पोळी खाल्ली. रामाने सीतेला पाहिले. आणि ही हिंदी वाक्यं: राम ने आम खाया. राम ने रोटी खाई. राम ने सीता को देखा. पहिल्या दोन्हींत क्रियापद कर्माप्रमाणे चालतं. तिसऱ्यात कर्माला 'ला' किंवा 'को' लागला की क्रियापद कोणाचंच ऐकत नाही, स्वतंत्र राहतं. आपल्या व्याकरणात पहिल्याला कर्मणी प्रयोग म्हणतात, दुसऱ्याला भावे प्रयोग. सातवी-आठवीतल्या मुलाने हे मराठीच्या तासाला शिकलेलं असतं. आणि पुढच्याच तासाला हिंदीच्या वर्गात त्याला ही गोष्ट नवी म्हणून, पाठ करायचा नियम म्हणून दिली जाते!

ही रचना सगळ्या भारतीय भाषांत आहे का? नाही. बंगालीत नाही. भोजपुरीत नाही. तुलसीदासांनी रामचरितमानस ज्या अवधीत लिहिलं, त्या अवधीतही हा 'ने' नाही. म्हणून पाटण्याचा किंवा बनारसकडचा माणूस सहज "हम खाना खाए" म्हणून जातो, आणि हिंदीच्या परीक्षेत त्याचेही गुण कापले जातात. ही पश्चिमेकडच्या भाषांची चाल आहे. दिल्ली-मेरठकडची खडी बोली, पंजाबी, गुजराती, मराठी. आजची प्रमाण हिंदी खडी बोलीवर उभी आहे. म्हणजे या एका बाबतीत सायखेड्यातलं मूल प्रमाण हिंदीला तुलसीदासांच्या भाषेपेक्षा जवळचं आहे.

दोन्ही भाषांतला 'ने' एकाच मूळ शब्दातून आला का, यावर विद्वानांत वाद आहे. कोणी संस्कृत तृतीयेकडे बोट दाखवतात, कोणाला ते मान्य नाही. पण मूळ काहीही असो, दोन्हीकडे काम तेच आहे.

मग आपली मुलं "मैं आम खाया" का म्हणतात? 'ने' घरचा असेल तर विसरतात कसा? इथे बारकाईने पाहिलं पाहिजे. मराठी मुलं "राम आम खाया" असं सहसा म्हणत नाहीत. गळतो तो 'मैं', 'तू', 'हम', 'तुम' यांच्यापुढचा 'ने'. कारण आजच्या मराठीत मी, तू, आम्ही, तुम्ही यांना कर्त्याचा 'ने' लागतच नाही. त्याने खाल्ला, तिने खाल्ला, पण मी खाल्ला. मूल आपल्या भाषेचा नियम अचूक पाळत असतं. तो नियम हिंदीत चालत नाही, एवढंच.

आणि मराठीतही हे कायम असं नव्हतं. जुन्या मराठीत 'मी' आणि 'म्यां' असे दोन वेगळे शब्द होते. मी गेलो, पण म्यां केले. तू गेलास, पण त्वां केले. एकोणिसाव्या शतकातल्या छापील गद्यातही हे 'म्यां' आणि 'त्वां' भेटतात. पुढे प्रमाण मराठीतून ते गेले. पण खेड्यात अजून एखादी आजी म्हणते, "म्या सांगितलं त्याला." शाळेत याला अशुद्ध म्हणतात. व्याकरणाच्या नजरेने पाहाल तर ते "मैंने कहा"चं सख्खं भावंड आहे. ज्या नातवाला हिंदीच्या तासाला 'मैंने' जमत नाही, त्याच्या आजीच्या तोंडात तो भेद शाबूत आहे. फक्त वर्गात कोणी त्याला ते सांगत नाही.

काही जागा मात्र खरोखर वेगळ्या आहेत, त्या नीट दाखवाव्या लागतात. मराठीत "तो हिंदी शिकला", हिंदीत "उसने हिंदी सीखी". मराठीत "तो पाणी प्यायला", हिंदीत "उसने पानी पिया". उलट मराठीत "त्याने पुस्तक आणलं", पण हिंदीत "वह किताब लाया", तिथे 'ने' नाही. शिवाय आपला 'ने' साधनही दाखवतो. चाकूने कापलं, बसने आलो. हिंदीत तिथे 'से' हवा. चाकू से काटा, बस से आया. मोजून पाहिलं तर अशा जागा फार नाहीत. एका तासात फळ्यावर मावतील.

दामले आणि गुरु

आता इतिहासाचा तो दुवा, ज्याच्यासाठी हे व्याख्यान योजलं.

1911 साली मोरो केशव दामले यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' प्रसिद्ध झालं. दामले हे कवी केशवसुतांचे धाकटे बंधू. थोरल्या भावाने मराठी कवितेला नवं वळण दिलं, धाकट्याने मराठी व्याकरणाला. दामले बरीच वर्षं उज्जैनला माधव कॉलेजात शिकवत होते. भोवती हिंदी, घरात मराठी. त्यांचा ग्रंथ प्रचंड आहे. आधी होऊन गेलेल्या व्याकरणकारांची मतं ते समोर ठेवतात, एकेक तपासतात आणि मग आपला निर्णय देतात. 1913 साली ते वारले.

त्याच सुमारास मध्य प्रांतात कामताप्रसाद गुरु नावाचे शिक्षक होते. मूळचे सागरचे. मध्य प्रांत म्हणजे नागपूर आणि जबलपूर एकाच सरकारखाली, मराठी आणि हिंदी शाळा एकाच खात्याखाली. काशीच्या नागरीप्रचारिणी सभेला हिंदीचं एक सर्वांगपूर्ण व्याकरण हवं होतं, ते काम गुरूंकडे आलं. त्यांचं 'हिंदी व्याकरण' 1920 साली निघालं. ते तपासायला महावीरप्रसाद द्विवेदी, चंद्रधर शर्मा गुलेरी, रामचंद्र शुक्ल अशी मोठी माणसं बसली होती. पुढे अनेक दशकं हिंदी प्रदेशात हाच ग्रंथ प्रमाण मानला गेला.

या ग्रंथाच्या भूमिकेत गुरु दामल्यांच्या मराठी व्याकरणाचं ऋण मोकळेपणाने मान्य करतात. आणि ग्रंथ उघडून पाहिला तर कर्तरि प्रयोग, कर्मणि प्रयोग, भावे प्रयोग हे आपल्या शाळेतलंच त्रिकूट तिथे भेटतं. इंग्रजी व्याकरणाच्या चौकटीत 'ने' बसत नाही. ॲक्टिव्ह म्हणावं तर क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, पॅसिव्ह म्हणावं तर अर्थ तसा नाही. मराठी व्याकरणकार या कोड्याशी आधीपासून झगडत होते, कारण त्यांच्या भाषेतही तेच कोडं होतं. ती तयारी हिंदीच्या कामी आली.

हे सांगताना छाती फुगवायचं कारण नाही. दामल्यांनीही इंग्रजी आणि संस्कृत व्याकरणांकडून घेतलंच होतं. विद्या अशीच हातोहात जाते. पण एक गोष्ट यातून पक्की होते. हिंदीचं व्याकरण हे कोणीतरी दूर बसून आपल्यावर टाकलेलं ओझं नाही. ते बांधताना मराठीचा नकाशा शेजारी उघडा होता.

आणि हे एकट्या व्याकरणाचं नाही. माधवराव सप्रे मराठी घरातले. त्यांनी 1900 साली 'छत्तीसगढ़ मित्र' काढलं, टिळकांचं गीतारहस्य आणि रामदासांचा दासबोध हिंदीत नेला. बाबूराव विष्णु पराडकर काशीत जन्मलेले मराठी गृहस्थ. गुरूंचं व्याकरण निघालं त्याच 1920 साली काशीत 'आज' हे दैनिक सुरू झालं आणि पराडकरांच्या संपादनाखाली ते हिंदी पत्रकारितेचं विद्यापीठ बनलं. पुढे गजानन माधव मुक्तिबोध आले, घरची भाषा मराठी आणि कविता हिंदी. या लोकांनी हिंदी वापरलीच, आणि घडवलीही.

परीक्षांची हिंदी

मग घोडं अडलं कुठे? आमच्या मते, भाषा परीक्षेच्या हाती गेली तिथे.

1918 साली इंदूरच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष गांधीजी होते. तिथून दक्षिणेत हिंदी प्रचाराचं काम उभं राहिलं. 1936 साली वर्ध्याला राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली, 1937 साली पुण्यात प्रचाराचं काम सुरू झालं आणि त्यातून महाराष्ट्र राष्ट्रभाषा सभा उभी राहिली. साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर या कामाचे बिनीचे शिलेदार. वर्ध्याच्या परीक्षा परिचय, कोविद, रत्न. पुण्याच्या प्रबोध, प्रवीण, पंडित. गावोगावचे शिक्षक, गृहिणी, कारकून संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात या परीक्षांचा अभ्यास करत. वर्ध्याच्या जुन्या पुस्तकांत इ, उ यांच्याऐवजी 'अ'लाच वेलांटी-उकार देऊन लिहिलेले अि, अु दिसतात. शिकणाऱ्याचं ओझं कमी व्हावं म्हणून लिपीतच सुधारणा करून पाहिली होती. ती टिकली नाही, पण त्यामागची कळकळ खरी होती.

त्या पिढीला हिंदी शिकणं म्हणजे देशकार्य वाटे. कोणी सक्ती केली नव्हती. स्वातंत्र्यानंतर चित्र बदललं. 14 सप्टेंबर 1949 रोजी संविधान सभेने देवनागरीतली हिंदी ही संघाची राजभाषा ठरवली. 1968 च्या शैक्षणिक धोरणात त्रिभाषा सूत्र आलं. हिंदी शाळेत आली, आणि स्वयंसेवकाचा वर्ग जाऊन गुणपत्रिका आली. लिंग बदलो, वचन बदलो, वाक्य शुद्ध करो. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण आणि मराठीत 'शिक्षा' म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. बऱ्याच मुलांना दोन्ही अर्थ एकाच तासाला कळले.

तिसरं लिंग कुठे गेलं?

त्या गुणपत्रिकेत सर्वांत जास्त गुण कापले गेले ते लिंगावरून. मराठीत तीन लिंगं, हिंदीत दोन. मग आपलं नपुंसकलिंग हिंदीत कुठे जातं?

बहुतेक जातं पुल्लिंगात. पाणी, घर, शेत, दूध, दही हे सगळे हिंदीत पुल्लिंगी. आणि यात एक सुंदर नियम दडलेला आहे. केळे–केला. अंडे–अंडा. सोने–सोना. तांबे–ताँबा. मराठीतला शेवटचा नपुंसक 'ए' हिंदीत पुल्लिंगी 'आ' होतो. आता क्रियापदांकडे या. करणे–करना. जाणे–जाना. लिहिणे–लिखना. तोच 'ए', तोच 'आ'. आणि मघाशी पाहिलेला भावे प्रयोग आठवा: सीतेला पाहिले, सीता को देखा. तिथेही तेच! जिथे मराठी क्रियापद तटस्थ होऊन नपुंसकात जातं, तिथे हिंदी क्रियापद पुल्लिंगात थांबतं. एक जोडी लक्षात ठेवली की तीन प्रकरणं उलगडतात.

काही शब्द मात्र वाट सोडून जातात. पुस्तक आणि नाक मराठीत नपुंसक, हिंदीत स्त्रीलिंगी. आवाज, विजय, मृत्यू, आत्मा आपल्याकडे पुरुष, हिंदीत स्त्रिया. मृत्यू झाला, पण मृत्यु हुई. व्यक्ती आपल्याकडे स्त्री, हिंदीत पुरुष. यामागे तर्क शोधू नका. आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, तरी सांगतो, इथे ते चालत नाही. हे शब्द वाक्यात घालून कानावर पडू द्यावे लागतात. आणि हिंदी प्रदेशालाही सगळं पक्कं ठाऊक आहे असं समजू नका. आपल्या कांद्याचंच घ्या. प्याज महँगा हुआ की महँगी हुई? हिंदी मुलखात दोन्ही ऐकू येतं. भाव वाढला की लिंगाचं कोणाला पडलेलं नसतं.

काही ठिकाणी हिंदी आपल्यापेक्षा सोपी आहे, हेही मुलांना सांगायला हवं. आपण प्रत्यय लावण्याआधी जवळजवळ प्रत्येक नाम वाकवतो. घर–घराला, सायखेडा–सायखेड्याला. हिंदीत 'घर को', काहीच बदल नाही. एकवचनात फक्त घोडा-मुलगा अशा आकारान्त पुल्लिंगी शब्दांना वाकावं लागतं: घोड़े को, लड़के को. जुन्या वळणाची हिंदी 'आगरे में' म्हणते, आजची वर्तमानपत्रं बेधडक 'आगरा में' छापतात. तेव्हा 'सायखेड़े में' की 'सायखेड़ा में' यावर कोणी हात उगारू नये.

आणि एके ठिकाणी मराठी श्रीमंत आहे. आम्ही चाललो आणि आपण चाललो, यांतला फरक हिंदीच्या 'हम'मध्ये मावत नाही. 'हम जाएँगे' म्हटल्यावर ऐकणाऱ्याने पिशवी उचलायची की नाही, हे त्याला विचारूनच घ्यावं लागतं.

आजचा प्रश्न

2025 साली महाराष्ट्रात या विषयावर मोठं वादळ उठलं, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलं. 16 एप्रिलच्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी सक्तीची झाली. 17 जूनला तो निर्णय बदलून आला. विरोध वाढला आणि 29 जूनला दोन्ही निर्णय मागे घेतल्याची घोषणा झाली, डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सहा वर्षांच्या मुलावर तिसरी भाषा लादू नये, असं आम्हालाही वाटतं. आधी घरच्या भाषेत वाचता-लिहिता येऊ द्या.

पण या सगळ्या गदारोळात एक प्रश्न मागेच राहिला. हिंदी कोणत्या इयत्तेपासून, यावर रणं माजली. हिंदी कशी शिकवायची, यावर कोणी फारसं बोललं नाही. पाचवीत शिकवा नाहीतर आठवीत, मराठी मुलाला हिंदी मराठीवरून शिकवली पाहिजे. त्याला जे येतं तिथून सुरुवात करून जे वेगळं आहे तेवढंच दाखवायचं. आज होतं उलट. कोरी पाटी समजून सगळं पहिल्यापासून सांगतो, आणि मग मूल चुकलं की त्याला वाटतं आपल्यालाच अक्कल नाही.

आणि हे दुसऱ्या बाजूनेही लागू आहे. आपल्या भागात कामासाठी आलेल्या हिंदी भाषक कुटुंबांची मुलं मराठी शाळांत बसतात. ती 'माझा पुस्तक' म्हणतात, वर्ग हसतो. पण त्यांच्या घरी तिसरं लिंगच नाही, ती आणणार कुठून? त्यांना केला–केळे, करना–करणे ही जोडी दाखवा, वाट सापडेल. आपलं मूल 'मैं खाया' म्हणतं ते ज्या कारणाने, त्याच कारणाने ते मूल 'माझा पुस्तक' म्हणतं. दोघंही आपापल्या आईची भाषा इमानाने सांभाळत असतात. ज्या शिक्षकाला हे कळलं, तो हसणार नाही आणि वर्गालाही हसू देणार नाही.

तेव्हा इथे जे शिक्षक बसले आहेत त्यांना आमची एक विनंती. उद्या हिंदीच्या तासाला फळ्याचे दोन भाग करा. डावीकडे मुलांकडून मराठी वाक्यं घ्या, उजवीकडे हिंदी. रामाने पोळी खाल्ली, राम ने रोटी खाई. नियम तुम्ही सांगू नका, मुलांना शोधू द्या. आणि 'मैंने'पाशी आलात की विचारा, कोणाच्या घरी कोणी 'म्या केलं' म्हणतं का? एखादा हात नक्की वर येईल. त्या मुलाला पुढे बोलवा. त्या दिवशी वर्गाला 'ने' शिकवायचं काम त्याचं.